तीन नंबरच्या वायरीतल्या हिरवट महाशयांस

महाशय,

आपला पत्ता मिळायला वेळ लागला, म्हणून पत्राला उशीर झाला. पत्ता इथे पूर्ण लिहून ठेवतो, म्हणजे आपल्या कुळातल्या आणखी कुणाला भेटायचं झालं तर वाट चुकायला नको. जिल्हा बालाघाट, गाडी एमपी ५० पासिंगची, पेट्रोलची, चार सिलिंडरची, इंजिनाच्या डोक्यावर तीन नंबरची इग्निशन कॉईल, तिच्या कपलरपासून चार बोटं मागे, काळ्या टेपच्या आत, लाल वायरीच्या प्लास्टिकखाली. एवढ्या आतल्या बिऱ्हाडी पोस्टमन पोचत नाही. मिस्त्री तर नाहीच पोचला. म्हणून पत्र खुलं.

प्रथम आपलं अभिनंदन. आपण तांबं खाता, आणि त्यासाठी जिल्हाही तांब्याचाच निवडलात. आमच्याकडे बैहरच्या पलीकडे मलाजखंड आहे. हिंदुस्तान कॉपरची ती खाण, देशातली सगळ्यात मोठी तांब्याची खाण म्हणून तिचं नाव. आधी डोंगर उघडा पाडून खोदलं, आता जमिनीखाली उतरले आहेत. तिथल्या दगडात तांबं किती, तर शंभर किलोमागे किलोभराच्या आसपास. तेवढ्यासाठी माणसं सुरुंग लावतात, डंपर भरतात, दगडाचं पीठ करतात, ते पाण्यात घुसळतात. आणि आपण? ना सुरुंग, ना डंपर. सुईएवढं भोक आणि थेंबभर ओल एवढ्या भांडवलावर गाळून, शुद्ध करून, तार ओढून तयार झालेलं तांबं आपण घरबसल्या संपवलंत. माझं उभं आयुष्य विजेच्या कामात गेलं, त्यातला बराच काळ मँगनीजच्या खाणीत. इतक्या कमी खर्चात चालणारा कारखाना मी पाहिलेला नाही.

आपली माझी ओळख नव्हती असंही नाही. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात ताक राहिलं की आई ते ओतून द्यायची, कळकलं म्हणायची. कळकवणारे आपणच. देवघरातल्या पळी-पंचपात्रावर, जुन्या अर्थिंगच्या पट्टीवर, बॅटरीच्या टर्मिनलवर आपली हिरवी-निळी साय कैकदा खरवडली आहे. पण तिथे आपण उघड्यावर बसता. दिसता. चिंच लावली की निघता. यंदा अंगावर लाल प्लास्टिक पांघरून बसलात, आणि तिथेच डाव जिंकलात.

आपल्या कामगिरीची पहिली पावती गांगुलपाऱ्याच्या घाटात मिळाली. गावात हनुमान चौकातून, भरवेलीपर्यंतच्या रस्त्यावर गाडी शहाण्या मुलीसारखी चालली. घाट लागला, तिसरा गिअर टाकला, पाय जरा दाबला आणि तिने झटके मारायला सुरुवात केली. ओढ गेली. मागे बसलेल्या बायकोने विचारलं, "रस्ता खराब आहे का?" रस्ता यंदाच झालेला. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा आधी नुसता लागला, मग उघडझाप करू लागला.

त्या दिव्याची भाषा फार थोड्यांना येते. नुसता लागून राहिला तर तो 'सवडीने दाखवा' म्हणतो. उघडझाप करू लागला की त्याचा अर्थ 'आत्ताच्या आत्ता पाय काढा'. कारण ज्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही तिथलं पेट्रोल न जळताच पुढे सायलेन्सरच्या वाटेला लागतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. आतली सिरॅमिकची जाळी त्या उष्णतेने वितळू शकते. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्या धातूंचा हात फिरवलेला असतो, त्यामुळे नवीचा भाव ऐकून माणूस उभा असेल तर बसतो. म्हणजे आपण खाल्लंत चाराण्याचं तांबं आणि डोळा ठेवलात प्लॅटिनमवर. महत्त्वाकांक्षा म्हणतात ती हीच.

घाटच का निवडलात, हेही मला नंतर उमजलं. सपाटीवर हलक्या पायाने चालताना सिलिंडरमध्ये हवा कमी शिरते, दाब कमी असतो, ठिणगीला प्लगची फट ओलांडायला फार जोर लागत नाही. चढावर पाय दाबला की सिलिंडर भरून हवा येते, दाब वाढतो, आणि त्याच मिलिमीटरभर फटीसाठी दुप्पट-तिप्पट व्होल्ट लागतात. अर्धपोटी कॉईल सपाटीवर वेळ मारून नेते, चढावर उघडी पडते. आपण तिला अर्धपोटी ठेवलंत. बोल मात्र तिला लागले.

आता त्या खटल्याकडे येतो, कारण आपण तो आतून, शांतपणे, हसत ऐकला असणार.

गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजचं नाव लिहीत नाही. तिथला पोरगा मनाने चांगला आहे आणि असली गॅरेजं गोंदियापासून जबलपूरपर्यंत चिक्कार आहेत. त्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. पडद्यावर दोन ओळी आल्या: पी०३०३ आणि पी०३५३. पहिली म्हणते, तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. दुसरी म्हणते, तीन नंबरच्या कॉईलच्या प्रायमरी किंवा सेकंडरी सर्किटमध्ये बिघाड. पोरगा कॉईलपर्यंत वाचून थांबला. "काकाजी, कॉईल गई."

वाचन तिथे थांबतं म्हणूनच आपलं फावतं. आपल्याकडे २०१३ पासून गाड्यांत ही दुसऱ्या पिढीची ओबीडी, म्हणजे गाडीने आपला बिघाड आपणच सांगायची सोय, आली, आणि तेव्हापासून मिस्त्रीच्या हातात पाना कमी आणि पडदा जास्त. वाईट काहीच नाही त्यात. पण पडदा फक्त मोहल्ला सांगतो, घर नंबर सांगत नाही. सर्किट म्हणजे बॅटरी, रिले, फ्यूज, तिथून कॉईलपर्यंत येणारी वायर, कपलर, त्यातली पिन, कॉईल, अर्थ, आणि ईसीएमकडून, म्हणजे इंजिनाच्या संगणकाकडून, येणारी हुकुमाची वायर. इतक्या जणांच्या चाळीत चोरी झाली आणि पोलिसाने पहिल्या दारावरची पाटी वाचून कॉईलला बेड्या घातल्या.

पुरावाही घेतला त्याने, नाही असं नाही. मल्टिमीटर ओहमवर टाकला, कॉईलच्या पिनांना लावला, काटेकोर चेहरा करून म्हणाला, "देखो, ओपन दिखा रही है." आता ही चार पिनांची कॉईल. हिच्या पोटातच इग्नायटर असतो, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच. बाहेरून ओहम लावून तिच्या प्रायमरीपर्यंत, म्हणजे पहिल्या वेटोळ्यापर्यंत, मीटर पोचतच नाही. चांगलीही 'ओपन' दाखवील आणि वाईटही. दोन पिनांच्या साध्या कॉईलवर ही तपासणी चालते; प्रायमरी साधारण अर्धा ते दोन ओहम, सेकंडरी काही हजार ओहम. इथे ती म्हणजे नाडी बघायला कोपर धरणं. पण साक्ष नोंदली गेली. शिक्षाही झाली. नवी कॉईल आली.

आणि महाशय, इथे आपल्या कलेला खरोखर दाद देतो. नवी कॉईल बसवताना पोराने कपलर ओढला, वायर वाकली, आणि आपल्या हिरव्या पिठात तग धरून असलेल्या चार तारा एकमेकींना नीट टेकल्या. गाडी सुरळीत! दिवा विझला. पोरगा खूश, मीही पैसे मोजून बाहेर पडलो. आपण गुन्हेगार नुसते लपलात नाही, तर निरपराधाला फासावर चढवून वर साक्षही दिलीत की हो, न्याय बरोबर झाला. मग दोन दमदार पाऊस पडले, वायर आपल्या जागी परत आली आणि झटके पुन्हा सुरू.

मग प्लग बदलले. प्लगचा काही दोष नव्हता, फटही ठीक होती, पण 'बदलून टाकू, मन साफ होईल' या तत्त्वावर बदलले. मग पोराचे उस्ताद स्वतः आले, बोनेटमध्ये टॉर्च मारला आणि म्हणाले, "चूहा." बालाघाटात कुठल्याही वायरीचा खटला एकदा तरी उंदरापाशी येतोच. उंदीर वायरी कुरतडतो हे खरं. बोनेटखाली ऊब असते, घरट्याला चिंध्या मिळतात, दातांना काम मिळतं. पण त्याचे दात दिसतात, लेंड्या दिसतात, कातरलेल्या सालीचे कण पडलेले असतात. इथे काही नव्हतं. शिवाय ज्या गावात घराघरात, गिरणीगिरणीत चिन्नोर पडलेला असतो, ज्या तांदळाला २०२१ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तिथल्या उंदराने तो सुवास सोडून माझी लाल वायर चघळावी, एवढं त्याचं काही बिघडलेलं नाही. तरी त्याच्या नावाने डांबराच्या गोळ्यांचा खर्च झाला.

उंदीरही सुटल्यावर उस्तादांनी आवाज खाली आणला. आवाज खाली आला की आकडा वर जाणार, हे आपण जाणतोच. "ईसीएम लगता है. नागपुर भेजना पड़ेगा."

गाडी घरी आणली आणि अंगणात बोनेट उघडलं.

पहिली गोष्ट जी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती: दहा नंबरचा पाना घेऊन दोन नंबरची कॉईल तीन नंबरवर नेली. आणि हो, गॅरेजवाल्याने बाद केलेली जुनी कॉईल मी मागून घेतली होती; ती दोन नंबरवर लावली. कोड पुसले, गाडी चालवली. कॉईलचा गुन्हा असता तर तक्रार तिच्याबरोबर दोन नंबरवर गेली असती. तक्रार तीन नंबरवरच बसून राहिली. बाद केलेली कॉईल दोन नंबरवर बिनतक्रार ठिणग्या पाडत होती, जणू काही झालंच नाही. पै खर्च न करता, मीटर न लावता एवढं कळतं. ही अदलाबदल गॅरेजमध्ये का करत नाहीत याचं उत्तर मला एकच दिसतं: तिचं बिल लावता येत नाही.

कॉईल सुटली. उरली वायर. आणि इथे आपला खरा बालेकिल्ला आहे, कारण इथे मल्टिमीटरच आपल्या बाजूने खोटं बोलतो. खोटं म्हणजे, त्याला विचारलं तेवढंच सांगतो. मी कपलर काढला, चावी दिली, लाल वायरीच्या पिनेवर मीटर लावला. १२.४ व्होल्ट. बॅटरीवर लावला. १२.४ व्होल्ट. शंभर टक्के. गॅरेजमध्येही हेच झालं होतं: "करंट तो बराबर आ रहा है, काकाजी."

डिजिटल मल्टिमीटर वायरीतून जवळजवळ काहीच करंट घेत नाही; त्याच्या आत दहा मेगाओहमच्या घरातला अडथळा असतो. म्हणून वायरीत केसाएवढी एक तार शिल्लक असली तरी मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो. नगरपालिकेच्या नळासारखं आहे हे: पाइप आतून गंजून काडीएवढा उरलाय, तरी तोंडावर अंगठा दाबून धरला की प्रेशर भरपूर लागतं, अंगठा काढून बादली लावली की धार दिसते. कॉईल म्हणजे बादली. तिला ठिणगीच्या आधी काही मिलिसेकंदांत सात-एक अँपिअर लागतात. मीटर अंगठा दाबून बघत होता.

म्हणून मी वायरीला काम दिलं. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, दोन वायरी, दोन क्लिपा. फीडच्या, म्हणजे लाल वायरीच्या, पिनेला आणि कपलरमधल्या अर्थच्या पिनेला जोडला. हा बल्ब बारा व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढतो. दोन नंबरच्या कपलरवर तो लख्ख पेटला. तीन नंबरवर नुसता पिवळट, मंद. बल्ब पेटता ठेवूनच मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी कपलरच्या फीडवर धरली, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गहाळ होतात ते सरळ वाचता येतं. दोन नंबरवर ०.२. तीन नंबरवर ४.६.

अर्थची बाजू तशीच तपासली, तिथे नगण्य. म्हणजे आपण लाल वायरीतच. आणि दोन नंबरची लाल वायर त्याच रिलेवरून, त्याच फ्यूजवरून येते, ती ठणठणीत. म्हणजे रिले सुटला, फ्यूज सुटला, ईसीएम तर या गावातलाच नव्हता. फाटा फुटतो तिथून कपलरपर्यंतचा हातभर तुकडा उरला.

४.६ व्होल्ट गहाळ, त्या मंद बल्बातून जाणारा करंट सुमारे १.४ अँपिअर. भागाकार केला की आपलं वजन निघतं: सव्वातीन ओहमच्या आसपास. असल्या कॉईलच्या प्रायमरीचा स्वतःचा अडथळा ओहमभरही नसतो, त्यापुढे आपण तिच्या चौपट जाड होऊन दारात बसलात. मग सात अँपिअरऐवजी तिला तीन मिळणार. आता इथे एक खोच आहे जी मला स्वतःला फार आवडते. कॉईलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. करंट निम्मा झाला तर ठिणगीची ताकद निम्मी होत नाही, पाव होते. सातचे तीन झाले म्हणजे पाचवा हिस्साही उरला नाही. तीन हजार आरपीएमला प्रत्येक प्लगला सेकंदाला पंचवीस ठिणग्या लागतात. आपण त्यातली प्रत्येक ठिणगी कातरत बसला होतात, आणि दर वेळी कॉईलकडून 'काम झालं' ही पोच न मिळाल्याने ईसीएम बिचारा कोड लिहीत बसला होता. त्याने कॉईल गेली असं कधीच म्हटलं नाही. सर्किट बघा म्हणाला. तो एकटाच खरं बोलत होता आणि त्यालाच नागपूरला पाठवायला निघाले होते.

हा सगळा खेळ मुळात जुना आहे, आपल्याला माहीत असेलच, तांब्यात राहता. १८३१ मध्ये फॅरडेने लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळली, एकातला करंट जोडता-तोडताना दुसऱ्यात झटका उमटतो हे दाखवलं. केटरिंगने १९१० च्या सुमारास त्याच तत्त्वावर बॅटरीवरची इग्निशन कॅडिलॅक गाड्यांत बसवली. मग आमच्या अँबॅसडर आणि फियाटपर्यंत तीच कॉईल, सीबी पॉइंट, कंडेन्सर. त्या काळातले मिस्त्री चालू गाडीत प्लगची वायर पकडीने ओढून ठिणगी बघायचे. आजच्या कॉईलवर तो पराक्रम करू नये. तीस-चाळीस हजार व्होल्टना रस्ता मिळाला नाही तर ते इग्नायटरमधून किंवा ईसीएममधून रस्ता काढतात, आणि कधी मिस्त्रीमधून. तसंच, हुकुमाच्या वायरीवर माझा हा बल्बही लावायचा नाही. तिथे ईसीएम पाच-एक व्होल्टचा नाजूक इशारा देतो. त्याच्याकडून पावणेदोन अँपिअर मागितले तर खरोखरच नागपूर. बल्ब फक्त फीडला.

मग टेप सोडली. चेन्नईच्या की मानेसरच्या कारखान्यातली मूळ टेप नव्हे. नंतर कुणीतरी घाईत गुंडाळलेली, चिकट झालेली. वायर दोन बोटांत धरून सरकवत गेलो. नवी वायर वाकते. एका जागी ती वाकेना. तिथे बोटाला काडीसारखं कडक, किंचित फुगलेलं लागलं. ब्लेडने साल उभी चिरली.

आपण भेटलात. पोपटी पीठ, आत काळवंडलेल्या तारा, त्यातल्या बहुतेक मधेच संपलेल्या. दोन-चार कशाबशा पलीकडे पोचत होत्या. फुंकर मारली तर आपण माझ्या बोटावर आलात. आणि लाल सालीवर, अगदी तिथेच, टाचणीने टोचल्यासारखं एक भोक.

इथे आपली जन्मकथा सुरू होते. कुठल्या तरी जुन्या दुरुस्तीत, कुठल्या तरी गॅरेजमध्ये, 'करंट येतोय का' हे बघायला कुणीतरी टेस्टरची सुई या वायरीत खुपसली होती. करंट आला. सुई काढली. भोक राहिलं. त्यातच इंजिन दाबाच्या पाण्याने धुतलं गेलं, कारण धुतलेलं इंजिन गिऱ्हाइकाला आवडतं. ओल भोकातून आत गेली आणि बारीक तारांच्या जुडग्यात कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढावं तशी मागेपुढे चढली. वायर प्लसची, तिच्यात चावी दिली की बारा व्होल्ट उभे. अशा वायरीत ओल मुरली की तांबं भराभर सुटतं. म्हणजे आपले वडील पावसाळा असले तरी आई तपासणी होती. बिघाड शोधण्याच्या कामानेच बिघाड जन्माला घातला, आणि तो सापडू नये म्हणून वरून टेपही लावून दिली.

आपलं पुढे काय केलं ते थोडक्यात. चकचकीत तांबं दिसेपर्यंत दोन्ही बाजूंनी वायर मागे कापली. तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा, जोड दाबून, त्यावर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब, तापवून घट्ट. कपलरच्या रबराला ग्रीस. परत बल्ब लावला: लख्ख. गहाळ व्होल्ट ०.२. बाद ठरलेली जुनी कॉईल तीन नंबरवर, तिच्या मूळ घरी बसवली आणि गांगुलपाऱ्याच्या घाटातून उकव्यापर्यंत चढवली. मागून विचारलं गेलं, "रस्ता नीट केला वाटतं?"

त्या जुडग्यातल्या बाकी वायरीही पाहिल्या. इंजेक्टरच्या एका वायरीवर आणि एक नंबरच्या कॉईलच्या फीडवर तशीच टोचण्याची खूण आहे. आपली भावंडं तिथे अजून जन्मली नव्हती. भोकं बुजवून टाकली. क्षमा असावी, वंशवृद्धीत विघ्न आणलं.

राहता राहिला हिशोब. नवी कॉईल, चार प्लग, डांबराच्या गोळ्या, स्कॅनर लावण्याचे पैसे दोनदा, आणि ईसीएम नागपूरला पाठवण्याच्या कल्पनेने गेलेली झोप. दुसऱ्या बाजूला हातभर वायर, बोटभर श्रिंक ट्यूब आणि एक बल्ब जो घरातच होता. फरक आपल्याकडून वसूल करायचा तर आपल्याकडे आहे काय? पीठ.

कापलेला तुकडा मी त्या गॅरेजमध्ये नेऊन टेबलावर ठेवला. पोराने तो उचलला, नखाने खरवडला, प्रकाशात धरला. बल्ब कसा जोडायचा ते मी दाखवलं, त्याने लगेच भंगारातला एक होल्डर शोधून क्लिपा लावायला घेतल्या. हात चांगला आहे त्याचा. मग जरा थांबून, आपला तुकडा पुन्हा बघत म्हणाला, "पर काकाजी, करंट तो आ रहा था ना?"

महाशय, आपलं वकीलपत्र त्याने घेतलेलं आहे. फी आपसात ठरवा.

आपला,
एक वाहनधारक, बालाघाट

ता. क. नवी कॉईल डिकीत तशीच पडून आहे, धडधाकट. कुणाची खरोखरच गेली असेल तर घेऊन जावी. येण्याआधी मात्र ती शेजारच्या सिलिंडरवर लावून बघितलेली असावी, आणि वायरीत सुई खुपसून नव्हे.